जानकी घरी शिकली ते वर्ष

तंजावरात जून लागला म्हणून उन्हाळा संपत नाही, फक्त शाळा सुरू होतात. सकाळी आठच्या आधीच अंगणातली रांगोळी पायाला चटके देते, आणि त्याच उन्हात गल्लीच्या तोंडाशी मुलांची ऑटो येऊन उभी राहते. तिच्या दोन्ही बाजूंना दप्तरं लोंबत असतात, आत इतकी मुलं असतात की कोणता हात कोणाचा हे आयांनाही ओळखू येऊ नये. नव्या वह्यांना घातलेल्या तपकिरी कागदाचा वास घराघरातून येतो. याच दिवसांत कधीतरी कोणीतरी बातमी आणतं की धरणाचं पाणी सोडलं, कावेरी अमुक गावापर्यंत आली. मग संध्याकाळी लोक पुलावर जाऊन कोरड्या वाळूकडे बघत उभे राहतात.

आज सकाळी माझी दोन्ही मुलं त्या ऑटोत बसून गेली. जानकी सातवीत, मुकुंद पाचवीत. ऑटो वळली तशी मी दारातच थांबले. दरवर्षी जूनमध्ये मला ते एक वर्ष आठवतं, ज्या वर्षी आमच्या दारात ऑटो आली नाही.

जानकी तेव्हा सहा वर्षांची होती. सुरुवात झाली ती आदल्या वर्षी, ती शाळेत जात असताना. एका सकाळी तिने दोसा खाल्ला, ताटली पुढे सरकवली, हाताची घडी घातली आणि उजव्या हाताचं बोट ओठांवर ठेवून बसून राहिली. मला वाटलं, खेळते आहे. दुपारी भात झाल्यावर पुन्हा तेच. संध्याकाळी चित्र रंगवून झालं, पुन्हा बोट ओठांवर. मी विचारलं, "हे काय गं?"

"माझं झालं," ती म्हणाली.

"मग?"

"झालं की असं बसायचं. बाकीच्यांचं होईपर्यंत."

मी शाळेत जाऊन विचारलं. तिच्या बाई चांगल्या होत्या, थकलेल्या होत्या. वर्गात पंचेचाळीस मुलं. "जानकीचं सगळ्यांच्या आधी होतं," त्या म्हणाल्या, "मग ती दुसऱ्यांना उत्तरं सांगत बसते. तिला गप्प बसवायला दुसरं काय करू, तुम्हीच सांगा." मी स्वतः मुलींच्या शाळेत अकरा वर्षं गणित शिकवलं होतं. त्यांना दोष द्यायला माझी जीभ उचलली नाही. मीसुद्धा किती मुलींना असं बसवलं असेल! पण घरी आल्यावर ते बोट माझ्या डोळ्यांपुढून हलेना. दिवसातले तीन-चार तास माझी मुलगी आपलं तोंड आपल्याच हाताने बंद करून बसत होती.

मुकुंद झाला तेव्हाच मी नोकरी सोडली होती. मी नवऱ्याला म्हटलं, "एक वर्ष मी शिकवते हिला. घरी." ते वीज खात्यात, रोज पापनाशमला जातात. चपला घालता घालता ते म्हणाले, "तू शिकवशील यात शंका नाही. अप्पांना तू सांग."

अप्पा म्हणजे माझे सासरे. आम्ही सुना त्यांना मामंजी म्हणतो. पस्तीस वर्षं तमिळ शाळेत शिकवून हेडमास्तर म्हणून निवृत्त झालेले. आमचं घराणं मराठी राजांच्या काळात इकडे आलं आणि इथलंच झालं. घरात आम्ही मराठी बोलतो, पण तिच्यात निम्मी तमिळ असते. आणि ती मराठी लिहिलेली आमच्यापैकी फार थोड्यांनी पाहिलेली. मी लहानपणी हिंदीच्या परीक्षा दिल्या म्हणून मला देवनागरी आली, आणि पुढे मराठी पुस्तकं मागवून मागवून ही पुस्तकांतली मराठी शिकले. मामंजींना तमिळ येई, इंग्रजी येई, थोडं संस्कृत ग्रंथ नावाच्या इकडच्या लिपीत वाचता येई. मराठी फक्त जिभेवर.

माझं बोलणं ऐकून त्यांनी चष्मा काढला. "सुलोचना, हेडमास्तरच्या घरातली पोर शाळेत जाणार नाही?"

"एकच वर्ष, मामंजी."

त्यांनी चष्मा परत घातला आणि ते खोलीत निघून गेले. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच्या खोलीतला हिरवा फळा काढून ओसरीवर टांगून दिला.

पहिल्या दिवसाचा मी आखलेला तक्ता अजून आठवतो. चाळीस मिनिटं गणित, चाळीस तमिळ, चाळीस इंग्रजी, मध्ये दहा मिनिटं ताक. गणिताचा तास नऊ मिनिटांत संपला. तमिळचा बारा. ताकाच्या वेळेपर्यंत माझ्याकडचा दिवसभराचा अभ्यास संपला होता आणि जानकी पाय हलवत विचारत होती, "आता काय?"

त्या "आता काय"ने मला नशा चढली, खोटं कशाला सांगू. अकरा वर्षं मी एकेक पायरी चार-चार वेळा समजावली होती. आणि इथे मी अर्धं वाक्य बोलले की उरलेलं अर्धं समोरून यायचं. मी पुढचं दिलं, तिने घेतलं. त्याच्या पुढचं दिलं, तेही घेतलं. आडी महिन्यात, म्हणजे आषाढ-श्रावणात, नदी भरून वाहू लागली, बायका पाण्यात फुलं सोडायला गेल्या, तोवर पहिलीची पुस्तकं संपली होती. भाद्रपद सरता सरता दुसरीची. मामंजी आता रोज सकाळी खुर्ची ओसरीवर आणून बसू लागले. पोरगी पाढे म्हणायची आणि ते डोळे मिटून मान हलवायचे, गाण्याची कचेरी ऐकावी तसे. "पोरीला येतंय तर थांबायचं कशाला?" ते म्हणत. मलाही थांबायचं नव्हतंच.

मुकुंद चार वर्षांचा. तो टेबलाखाली बसून लाकडी बैलगाडी फिरवायचा. त्याच्याकडे माझं लक्षच नव्हतं.

नवरात्र आलं. आमच्याकडे कोलू मांडतात, सात पायऱ्यांवर बाहुल्या. संध्याकाळी गल्लीतल्या बायका कुंकवाला येत, सुंडल म्हणजे हरभऱ्याची उसळ घेत, एखादी गाणं म्हणे. मी त्या वर्षी गाण्याऐवजी जानकीला पुढे केलं. रेशमी पावडै, म्हणजे परकर, नेसून ती बाहुल्यांपुढे उभी राहिली आणि सतराचा पाढा म्हणाली, एका दमात. बायकांनी हनुवटीला बोट लावलं. "अय्यो, एवढीशी पोर!" मला आतून उकळ्या फुटत होत्या.

शेजारच्या मीनाक्षी मामी खाली बसल्या होत्या. साधी, हसतमुख बाई. त्यांनी जानकीला जवळ ओढलं आणि विचारलं, "सतरा त्रिक एक्कावन्न. खरंच का गं? कशावरून?"

जानकीने माझ्याकडे पाहिलं. "अम्माने सांगितलं."

"आणि अम्मा चुकली असली तर?"

मामींच्या मनात काही नव्हतं. त्या हसतच होत्या. पण जानकीचा चेहरा एकदम रिकामा झाला. तिने फळ्याच्या दिशेने पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग हळूच खाली बसली, हाताची घडी घातली, आणि बोट ओठांवर ठेवलं.

बायका पुढच्या गोष्टी बोलू लागल्या. मी सुंडलची वाटी हातात धरून उभी होते. ज्या बोटासाठी मी तिला शाळेतून काढलं, ते बोट आता माझ्या घरात, माझ्या बाहुल्यांपुढे, माझ्या शिकवण्यामुळे तिथे गेलं होतं. शाळेत तिला थांबायला लावलं होतं. मी तिला श्वास घ्यायला जागा ठेवली नव्हती. दोन्हीकडून मुलगी गप्पच झाली.

विजयादशमीला फळ्याची पूजा केली आणि पुढे आठ-दहा दिवस मी तो वापरलाच नाही. जानकीनेही विचारलं नाही. मामंजींनी दोनदा विचारलं. "शाळेला सुट्टी का?" मी "हो" म्हटलं.

त्याच दिवसांत तिला गाणं शिकवावं असं मनात आलं. खरं कारण एवढंच की मला गाणं येत नाही; तिथे मी मध्ये पडणार नव्हते. तिरुवैयारूला अलमेलु टीचर नदीकाठच्या एका बोळात मुलांना शिकवतात असं कळलं. बसने अर्धा तास, वाटेत पाच नद्या. मुकुंदला घरी कोणाकडे ठेवणार, म्हणून तोही बरोबर. तो खिडकीत उभा राहून पूल मोजायचा.

अलमेलु टीचर पन्नाशीच्या, बारीक, आवाज मात्र घरभर. आम्ही गेलो तेव्हा दोन मुली स्वरावली म्हणत होत्या. सा रि ग म चढत्या-उतरत्या ओळीने, तीन काळांत: पहिल्या काळात एका टाळीला एक स्वर, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार. जानकीने ते दोनदा ऐकलं. तिची पाळी आली तशी तिने थेट तिसरा काळ धरला आणि धाड धाड म्हणून मोकळी झाली. एक स्वर चुकला नाही. शाबासकीसाठी ती माझ्याकडे वळली. मीही, सवयीने, टीचरांकडे पाहिलं.

टीचर म्हणाल्या, "बरं. आता पहिल्या काळात. मेदुवा." म्हणजे सावकाश.

जानकीने मांडीवर हात आपटला, सा लावला. पुढचा हात पडायच्या आत तिचा रि येऊन गेला. "पुन्हा." पुन्हा तेच. "हात पडू दे. मग स्वर. मधल्या वेळात सा तुझ्या गळ्यात राहायला हवा, पळून नाही जायचा." पुन्हा. तो सा थोडा वेळ राहिला आणि थरथरायला लागला, मोडला. सहाव्या-सातव्या वेळी जानकीचे डोळे भरले. जन्मात पहिल्यांदा तिला एक गोष्ट येत नव्हती, आणि ती गोष्ट अशी की जवळच्या त्या दोन मुलींना, ज्या तिच्यापेक्षा कितीतरी वेळ घेऊन शिकल्या होत्या, ती सहज येत होती.

माझे हात शिवशिवत होते. तिला उचलावं, म्हणावं, पुरे. टीचरांनी माझ्याकडे एकदा नुसतं पाहिलं. मी बसून राहिले.

परतताना बसमध्ये ती मांडीवर सावकाश हात आपटत होती. तिसरी नदी गेल्यावर म्हणाली, "अम्मा, मला ते येत नाही."

"नाही येत," मी म्हटलं.

"उद्या परत जाऊया?"

चार महिने ती मला "आता काय" विचारत होती. झालेल्याच गोष्टीकडे परत जाऊया असं ती पहिल्यांदा म्हणाली. मी खिडकीबाहेर तोंड वळवलं, कारण बसमध्ये रडणारी बाई लोकांना आवडत नाही.

त्यानंतर ओसरीवरचा तक्ता मी फाडून टाकला. पुढे धावण्याऐवजी त्याच गोष्टीत आत शिरायचं, एवढंच ठरवलं. ते सोपं नव्हतं. जलद शिकणाऱ्या मुलाला सावकाश शिकवणं म्हणजे त्याला येतं तेच पुन्हा पुन्हा गिरवायला लावणं नव्हे. तसं केलं की ते मूल दोन दिवसांत कंटाळून मेल्यासारखं होतं, हेही मी करून पाहिलं आणि सोडलं. मग काय? मला नीट माहीत नव्हतं. रोज सकाळी चाचपडत होते.

पापनाशमजवळ आमची थोडी शेती आहे. ऐप्पसी महिन्यात, दिवाळीच्या सुमारास, सांबा भाताची लावणी चालू होती. एका रविवारी आम्ही सगळे गेलो. आभाळ खाली आलेलं, चिखल कोमट, बायका ओळीने वाकून लावणी करत होत्या. बांधावर रोपांच्या मुठी ठेवल्या होत्या. जानकीने सतरा मुठींची एक रांग लावली, तिच्याखाली दुसरी, तिच्याखाली तिसरी. कोणी सांगितलं नव्हतं. मग तिने प्रत्येक रांगेतल्या दहा मुठी बाजूला सरकवल्या. तीन दहा तीस. उरलेल्या सात, सात आणि सात. बराच वेळ ती उकिडवी बसून होती. पावडैचा काठ चिखलात. मी दुरून बघत होते आणि सगळी ताकद लावून गप्प होते.

"अम्मा!" ती ओरडली. "तू चुकली असलीस तरी एक्कावन्नच!"

बांधावर बसलेल्या तिच्या वडिलांना काही कळलं नाही. मला सतराचा सबंध पाढा ऐकून झाला नव्हता एवढा आनंद त्या एका ओळीने झाला.

आणि मुकुंद. मार्गळी महिन्यातल्या एका गार सकाळी आम्ही बसस्टँडवर उभे होतो. तो म्हणाला, "ही बस पापनाशमची." बाप रोज तिकडे जातो, नाव ऐकलेलं असणार, असं म्हणून मी सोडून दिलं. मग त्याने पलीकडच्या बसची पाटी वाचली, एका अशा गावाची, ज्याचं नाव आमच्या घरात कधी निघालं नव्हतं. अक्षर अक्षर जुळवून, मध्ये एकदा अडखळून, स्वतःच दुरुस्त करून. त्याला कोणी एक अक्षर शिकवलं नव्हतं. टेबलाखाली बैलगाडी फिरवता फिरवता त्याने बहिणीची सगळी तमिळ गोळा केली होती.

शेजारी उभा असलेला म्हातारा म्हणाला, "अम्मा, आणखी एक वाचायला सांगा की!"

जीभ वळवळली. तीन महिन्यांपूर्वी मी त्याला स्टँडवरच्या सगळ्या बसेस वाचायला लावल्या असत्या. मी त्याचा हात धरला, म्हटलं, "छान वाचलंस," आणि आम्ही आमच्या बसमध्ये चढलो. पाचही पूल त्याने मोजले. त्या वर्षी मी शिकवलेल्या सगळ्या धड्यांपेक्षा तो न घेतलेला धडा मला जास्त जड गेला, आणि त्याचाच मला अजून अभिमान वाटतो.

पोंगल झाला, भात घरी आलं, मासी महिन्यातलं ऊन चढू लागलं. वर्ष संपत आलं होतं. नदीपलीकडच्या एका लहान शाळेच्या मुख्याध्यापिकेने जानकीची परीक्षा घेतली. तासाभराने बाहेर येऊन त्या म्हणाल्या, "हिला चौथीत बसवता येईल. एक गणित तिने सोडलं. म्हणाली, अजून कळलं नाही, घरी नेऊ का?" त्या हसत होत्या.

मामंजी बरोबर आले होते. त्यांनी मान ताठ केली. "चौथी," ते म्हणाले, जणू पदवीच मिळाली.

जानकी तोवर व्हरांड्यातून वर्गांत डोकावत फिरत होती. ती परत आली. "चौथीतल्या मुली फार मोठ्या आहेत. दुसरीत सगळे खाली बसून मातीची गावं करतायत. एकीची नदी उलटी वाहतेय. मी तिथे बसू?"

मी मुख्याध्यापिकेला विचारलं, "दुसरीत बसली आणि तिचं आधी झालं, तर?"

"वर्गात पुस्तकांचं कपाट आहे. उठून घेऊ दे."

मी दुसरीचा अर्ज भरला. तिच्या वहीतली गणितं चौथीची होती, तिचे दुधाचे दात पहिलीचे.

मामंजी दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी जेवताना ताटाकडे बघत म्हणाले, "सगळं येणारी पोर तिथे बसून करणार काय?"

उत्तर जानकीने दिलं. "मला सगळं येत नाही, आजोबा. तुम्हालापण सगळं येत नाही."

"मला काय येत नाही?"

"आपली मराठी वाचायला."

ताटावरचा त्यांचा हात थांबला. मला वाटलं, आता रागावतील. ते हात धुवून उठले, ओसरीवर गेले, आणि खुर्चीवर न बसता फळ्यापुढच्या चटईवर मांडी घालून बसले. "शिकव," ते म्हणाले.

अठ्ठ्याहत्तर वर्षांचे माजी हेडमास्तर आणि सहा वर्षांची मास्तरीण. देवनागरी तिला मी त्याच हिवाळ्यात दिली होती. मामंजी म्हणजे मूळचे हुशार, पहिल्याच दिवशी त्यांना सगळी बाराखडी हवी होती. ती त्यांना दिवसाला तीनच अक्षरं द्यायची. "आज इतकीच, आजोबा."

"अगं, मला येतात ही."

"मग त्यांनीच शब्द करा. किती होतात बघू."

मी स्वयंपाकघरात मोहरी तडतडवत हे ऐकायची आणि हातातला झारा तसाच राहायचा. हे तिला मी शिकवलं नव्हतं.

पंगुनी महिन्याच्या अखेरीला, एप्रिलमध्ये, शाळा सुरू व्हायला दोन महिने उरले असताना, तिने फळ्यावर एक सबंध वाक्य लिहिलं आणि बाजूला बसली. मामंजींनी डोळे बारीक केले. पहिला शब्द लागला. पुढच्याला त्यांनी अंदाजाने काहीतरी म्हटलं.

"अंदाजाने नको. वाचून."

ते पुन्हा पहिल्या अक्षरावर आले. ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. मी दारात उभी होते. मुकुंदने टेबलाखालून मान काढली. त्याला ते वाक्य कधीच आलं होतं, ते त्याच्या डोळ्यांत दिसत होतं, पण तो बोलला नाही. जानकी तर हललीसुद्धा नाही. ती बघत होती, पुरेसा वेळ घेऊन, जणू म्हाताऱ्याच्या ओठांत ते अक्षर जुळण्यापलीकडे जगात दुसरं काही व्हायचंच नव्हतं.

आणि मग ते जुळलं. पुस्तकांतले लोक "करताय" म्हणतात. आम्ही घरात म्हणतो "करूलालांत". तिने फळ्यावर पुस्तकांतली मराठी लिहिलीच नव्हती. तिथे लिहिलं होतं:

"आजोबा, तुम्ही काय करूलालांत?"

मामंजींनी ते मोठ्याने वाचलं. मग पुन्हा वाचलं. सबंध आयुष्य जे फक्त तोंडातून ऐकलं होतं, आईच्या, बहिणींच्या, बायकोच्या, ते आपलं बोलणं खडूने लिहून समोर टांगलेलं त्यांनी पहिल्यांदा पाहिलं. चष्मा काढून ते बराच वेळ पुसत राहिले.

"प्रश्न आहे, आजोबा," जानकी म्हणाली. "उत्तर द्या."

त्यांनी चष्मा घातला, फळ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं.

"वाचूलालों," ते म्हणाले. "वाचूलालों गं."